गोमुखाच्या खाली बर्फ कुठवर होता?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही काही जणी गंगोत्रीहून गोमुखापर्यंत चालत गेलो. भोजबासाच्या पुढे वाटाड्याने दगडमातीचा एक लांबच लांब बांध दाखवला आणि एके काळी बर्फ इथवर होता, असे सांगितले. परतीच्या वाटेवर हर्सिलच्या मुक्कामी तर असे कानावर आले की, हिमनदी पूर्वी थेट झाला गावापर्यंत पोचत असे. हे कोणीही डोळ्यांनी पाहिलेले नाही. मग ते कळते कसे? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : झाला हे गावाचे नाव आहे, क्रियापद नव्हे, हे पहिल्यांदा वाचणाऱ्या मराठी माणसाला सांगावेच लागते. हर्सिलच्या खाली, भागीरथीच्या काठावर सुमारे २,४५० मीटर उंचीवर हे गाव आहे. गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचे मुख, आज सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे आणि दोहोंमधले अंतर ४० किलोमीटरच्या आसपास भरते. आपण ऐकलेली गोष्ट ऐकीव असली तरी निराधार नाही. मिलाप चंद शर्मा आणि ल्युईस ओवेन या भूवैज्ञानिकांनी १९९६ मध्ये भागीरथी खोऱ्याच्या हिमनद्यांचा जो इतिहास मांडला, त्यात सर्वांत मोठ्या विस्ताराची हद्द झाल्यापाशीच धरलेली आहे.

शेताच्या हद्दीचा वाद निघाला की आपल्याकडे आधी जुना बांध शोधतात आणि मग तो कोणी व कधी घातला, याची चौकशी करतात. येथेही तसेच आहे. बर्फ कुठवर होता हा एक प्रश्न आणि तो तेथे केव्हा होता हा दुसरा. दोहोंचे पुरावे निराळे असतात आणि ते तपासणारी माणसेही पुष्कळदा निराळी असतात. लोकप्रिय लेखनात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो.

आपल्याला दाखवलेल्या बांधाला भूगोलाच्या पुस्तकात हिमोढ म्हणतात. हिमनदीला गढवालात बामक असा शब्द आहे. बामक मागे हटत असते तेव्हाही तिच्यातला बर्फ पुढेच सरकत असतो. फक्त वरून येणाऱ्या बर्फापेक्षा टोकाशी वितळणारा बर्फ जास्त असल्यामुळे टोक मागे जाते. हा बर्फ अंगावर आणि पोटात दगड, वाळू आणि पिठासारखी बारीक माती वाहून आणतो व टोकाशी टाकून देतो. टोक बराच काळ एकाच जागी स्थिर राहिले, तर त्या ठिकाणी ढीग साचतो. ते झपाट्याने मागे गेले, तर माल विखुरतो आणि बांध तयार होत नाही. म्हणून हिमोढ हा हिमनदी जेथे थांबली त्या जागेचा पुरावा असतो; जेथून ती न थांबता निघून गेली, त्या जागांबद्दल तो काही सांगत नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. नंतर आलेला मोठा विस्तार आधीच्या लहान विस्तारांचे बांध चिरडून टाकतो. त्यामुळे खोऱ्यात खालून वर चालत गेल्यास जे बांध लागतात, ते साधारणपणे जुन्याकडून नव्याकडे आणि मोठ्या विस्ताराकडून लहान विस्ताराकडे जाणारे असतात. भागीरथी खोऱ्यात सर्वांत खालचा टप्पा सुमारे ६३,००० वर्षांपूर्वीचा मानला गेला. त्यानंतर पुष्कळ वर, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा शिवलिंग नावाचा टप्पा येतो आणि शेवटी भोजबासाच्या नावावरून ओळखला जाणारा, सुमारे दोनशे ते तीनशे वर्षांपूर्वीचा टप्पा येतो. मधल्या हजारो वर्षांत हिमनदीने किती वेळा पुढे-मागे केले असेल, त्याचा हिशेब या बांधांतून पूर्ण मिळत नाही. झाला ते गोमुख हे अंतर ६३,००० वर्षांनी भागून हिमनदी वर्षाला सरासरी अमुक इतके सेंटिमीटर मागे गेली, असे गणित मी छापील मजकुरात वाचले आहे. त्या भागाकाराला काहीही अर्थ नाही.

टोकाचा बांध बहुधा नदीच फोडून नेते. म्हणून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा भर बाजूच्या हिमोढांवर असतो. गोमुखाजवळ उभे राहिले की दोन्ही अंगांना, आजच्या बर्फाच्या पातळीपेक्षा बरेच उंच, करवतीच्या पात्यासारखे धारदार माथे असलेले हे बांध दिसतात. हिमनदीच्या बाजूची त्यांची उतरण तीव्र आणि उघडी असते. तेथून दगड सतत घरंगळतात आणि वाटाडे त्या बाजूला जाऊ देत नाहीत. बाहेरची उतरण मवाळ असून तिच्यावर गवत आणि झुडपे रुजलेली असतात. बर्फ लांबीने कुठवर होता याबरोबरच तो किती जाड होता, हेही या माथ्याच्या उंचीवरून कळते. त्याहून वर, खोऱ्याच्या कातळभिंतीवर कधी कधी एक सीमारेषा दिसते. तिच्या खालचा कातळ घासून गुळगुळीत झालेला असतो आणि वरचा कातळ कंगोरेदार, भेगाळलेला असतो. अशी रेषा दोन्ही भिंतींवर सारख्या उंचीवर सापडली आणि खोऱ्यात खाली जाताना ती हळूहळू उतरत गेली, तर एखाद्या जुन्या हिमनदीचा पृष्ठभाग जवळपास जसाच्या तसा हाती लागतो.

दगडही बोलतात, पण त्यांची उलटतपासणी घ्यावी लागते. शिवलिंग आणि भागीरथी शिखरांच्या परिसरातला ग्रॅनाइट पांढुरका असून त्यात टूर्मलीन या खनिजाच्या काळ्या काड्या दिसतात. असा धोंडा खाली नदीपात्रात सापडला, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण तो पुराने आणलेला असू शकतो. तोच धोंडा पात्रापासून खूप उंचावर, निराळ्या जातीच्या कातळावर अलगद ठेवल्यासारखा बसलेला असेल, तर मात्र तेथे बर्फानेच त्याला नेऊन ठेवले असण्याची शक्यता मोठी असते.

सर्वांत मोठा धोका दरडींचा असतो. डोंगराचा अख्खा कडा कोसळून खोऱ्याच्या तळाशी पसरला की आडव्या बांधासारखी, लहानमोठे दगड आणि भुकटी एकत्र असलेली रास तयार होते आणि लांबून ती हुबेहूब हिमोढासारखी दिसते. काराकोरममध्ये अनेक वर्षे हिमोढ म्हणून नकाशावर असलेल्या कित्येक राशी प्रत्यक्षात प्रचंड दरडी आहेत, असे केनेथ हेविट यांनी दाखवून दिले आणि त्या भागातल्या हिमनद्यांचा इतिहास पुन्हा तपासावा लागला. दरडीत बहुधा एकाच कड्याचा, एकाच जातीचा खडक असतो आणि तुकडे तीक्ष्ण असतात. हिमोढात खोऱ्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेले दगड मिसळलेले असतात. काहींच्या कडा बोथट झालेल्या असतात, तर काहींच्या सपाट अंगावर समांतर ओरखडे असतात. बाजूच्या ओढ्यांचा मालही फसवतो. ५ ऑगस्ट २०२५ रोजी हर्सिलजवळच्या धराली गावात खीरगंगेने काही मिनिटांत केवढा गाळ आणि धोंडे आणून टाकले, हे आपण सर्वांनी पाहिले. उत्तरकाशीच्या खोऱ्यात असे थर एकावर एक बसलेले आहेत आणि त्यांतून बर्फाने आणलेला थर वेगळा काढणे, हे तेथे काम करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

प्रश्न : दगडावरच्या दगडफुलाचा आकार मोजून हिमनदी तेथून केव्हा हटली ते सांगता येते, असे वाचले. हे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूलच का? (नाशिक)

उत्तर : कुळ एक, पण घर वेगळे. मसाल्यातले दगडफूल पानासारखे सुटे, कुरळ्या कडांचे असते आणि ते खडकावरून किंवा सालीवरून सोलून काढता येते. कालमापनासाठी वापरतात ती जात खडकाला रंगाच्या पापुद्र्यासारखी चिकटलेली, पिवळसर हिरवी आणि काळ्या रेघांनी नकाशासारखी विभागलेली असते. तिचे शास्त्रीय नावही त्यावरूनच पडले आहे : रायझोकार्पन जिओग्राफिकम. ती वर्षाला एका मिलिमीटरचाही फक्त काही अंश वाढते. ऑस्ट्रियाच्या रोलंड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास ही पद्धत रुळवली. ज्यांची वर्षे ठाऊक आहेत अशा दगडांवर, उदाहरणार्थ थडग्यांवर, या ठिपक्यांचा व्यास मोजायचा, वाढीचा वेग काढायचा आणि मग हिमोढावरचा सर्वांत मोठा ठिपका शोधून त्याचे वय ठरवायचे, असा तिचा गाभा आहे.

आल्प्सच्या खेड्यांत तारीख कोरलेले दगड मुबलक आहेत. गोमुखाच्या वाटेवर ते नाहीत आणि माझ्या मते हिमालयातल्या अशा वयांकडे म्हणूनच जरा सावधपणे पाहावे. ऊन, ओल आणि खडकाची जात बदलली की वाढीचा वेगही बदलतो. भोजपत्राच्या झाडांची वार्षिक वर्तुळे मोजण्याचाही उपाय आहे. पण झाडाचे वय म्हणजे बांधाचे वय नव्हे. बर्फ हटल्यावर बी रुजण्याइतकी माती तयार होण्यात काही दशके जाऊ शकतात. झाड एवढेच सांगते की, बांध त्याच्यापेक्षा जुना आहे.

प्रश्न : निर्जीव दगड किती वर्षे उन्हात पडून आहे, हे प्रयोगशाळेत कसे कळू शकते? (डोंबिवली)

उत्तर : या पद्धतीचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणात शिरले की त्यांच्यापासून न्यूट्रॉनांसारखे वेगवान कण तयार होतात आणि त्यांपैकी काही थेट जमिनीपर्यंत पोचतात. ते गारगोटीतल्या, म्हणजे क्वार्ट्झमधल्या, ऑक्सिजनच्या अणूवर आदळले की क्वचित तो फुटून बेरिलियम-१० हे समस्थानिक तयार होते. ते किरणोत्सारी असले तरी त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे आहे, त्यामुळे काही हजार वर्षांच्या हिशेबात ते जवळजवळ तसेच शिल्लक राहते. ध्रुवांकडच्या प्रदेशात समुद्रसपाटीला एका ग्रॅम क्वार्ट्झमध्ये वर्षाला सुमारे चारच अणू तयार होतात. गोमुखाच्या उंचीवर हवा विरळ असल्याने हा वेग त्याच्या साधारण दहापट होतो. दगड बर्फाखाली किंवा जमिनीत खोल असेपर्यंत हे कण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. खडकात सुमारे ४० सेंटिमीटर खोलीवरच त्यांचा मारा निम्मा होतो. हिमनदीने धोंडा बांधाच्या माथ्यावर आणून टाकला आणि ती मागे हटली की त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते. समजा, वर्षाला ४० अणू तयार होतात आणि नमुन्यात ग्रॅममागे दोन लाख अणू मोजले गेले, तर धोंडा पाच हजार वर्षे उघड्यावर आहे.

बेरिलियम-१० चे निसर्गातले अस्तित्व शोधण्याच्या अगदी आरंभीच्या कामांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा होता. १९५० च्या दशकात तेथे बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी वैश्विक किरणांपासून तयार होणाऱ्या समस्थानिकांवर काम करत होते आणि समुद्रतळाच्या गाळात त्यांनी बेरिलियम-१० मोजले होते. पुढे लाल यांनी १९९१ मध्ये उंची आणि अक्षांशानुसार खडकात हे अणू किती वेगाने तयार होतात याचे गणित मांडले. जगभर हिमोढांची वये काढणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षे वापरले आहे.

मोजणी सोपी नसते. बांधाच्या अगदी माथ्यावरचा, शक्यतो मीटरभर उंच आणि कधी गडगडला नसेल असा धोंडा निवडायचा, त्याच्या वरच्या अंगातला दोन ते पाच सेंटिमीटर जाडीचा, किलोभर वजनाचा तुकडा छिन्नी-हातोड्याने काढायचा, तो दळायचा, आम्लांनी धुऊन फक्त क्वार्ट्झ उरवायचे आणि शेवटी कणत्वरकाच्या मदतीने एकेक अणू मोजायचा, अशी ही वाट आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अशी सोय आहे. इतके करूनही वय चुकू शकते. धोंडा मधेच उलटला, झिजला किंवा वर्षातले कित्येक महिने बर्फाने झाकलेला राहिला, तर तो आहे त्यापेक्षा तरुण वाटतो. उलट, हिमनदीवर पडण्यापूर्वी तो कड्यावर उघडाच असेल, तर आधीचे अणू घेऊनच येतो आणि म्हातारा वाटतो. म्हणून एकाच बांधावरचे चार-पाच धोंडे घेतात आणि त्यांची वये एकमेकांशी जुळतात का, हे पाहतात. एकाच दगडाच्या आधारावर छापलेल्या वयावर मी विसंबत नाही.

झाल्याच्या टप्प्याला दिलेले सुमारे ६३,००० वर्षे हे वय दुसऱ्या पद्धतीने, वाळूच्या कणांत साठलेल्या ऊर्जेवरून काढलेले आहे. त्या पद्धतीत वाळूला शेवटचे ऊन केव्हा लागले, ते कळते. हिमनदीच्या गढूळ पाण्यातून आलेल्या वाळूला पुरेसे ऊन न लागण्याची भीती असते आणि तसे झाले तर वय जास्त येते.

प्रश्न : जुनी हद्द कळली, तर तेव्हाची थंडी किती होती हेही काढता येते का? (पुणे)

उत्तर : काढतात, पण येथे अंदाजाचा भाग वाढतो. आधी जाडी घेऊ. बर्फ स्वतःच्या वजनाने वाहतो आणि तळाशी साधारण १०० किलोपास्कल इतका ताण आला की तो सरकतो, असे धरले, तर पृष्ठभागाचा उतार ३ अंश असलेल्या हिमनदीची जाडी २१० मीटरच्या आसपास निघते आणि उतार ६ अंश असेल, तर ती त्याच्या निम्म्यावर येते. ही रीत बाजूच्या बांधांच्या उंचीशी ताडून पाहतात.

मग समतोल रेषा शोधतात, म्हणजे जिच्या वर वर्षभरात बर्फ साचतो आणि जिच्या खाली तो वितळतो, ती उंची. उघड्या बर्फाच्या हिमनद्यांत साचण्याचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या साधारण सहादशांश असते, असे धरून जुन्या नकाशावर ही रेषा बसवता येते. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग दगडांच्या थराखाली झाकलेला आहे. जाड थराखाली बर्फ हळू वितळतो, त्यामुळे अशा हिमनदीला हे प्रमाण जसेच्या तसे लावले, तर उत्तर चुकते. समजा, रेषा ३०० मीटरने खाली होती असे निघाले. दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश या हिशेबाने तापमान दोन अंशांनी कमी होते, असे म्हणता येईल. मात्र त्यासाठी पाऊस आणि हिमवर्षाव आजच्याइतकाच होता, असे गृहीत धरावे लागते आणि मोसमी पावसाच्या प्रदेशात ते गृहीतकच संशयास्पद आहे. जगात अन्यत्र हिमाच्छादन सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शिगेला पोचले असताना हिमालयाच्या अनेक खोऱ्यांतला सर्वांत मोठा विस्तार त्याहून बराच आधीचा दिसतो. नुसती थंडी पुरत नाही, साचायला बर्फही यावा लागतो, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

प्रश्न : गोमुख दरवर्षी किती मागे जाते, याचे आकडे प्रत्येक बातमीत वेगळे का असतात? (गोवा)

उत्तर : कारण बातम्यांत कोणत्या दोन वर्षांमधले अंतर मोजले, ते सांगत नाहीत. गोमुखाच्या लेखी नोंदी तशा जुन्या आहेत. कॅप्टन हॉजसन १८१७ मध्ये तेथे पोचले होते आणि सॅम्युअल बोर्न यांनी १८६६ मध्ये त्या बर्फाच्या गुहेचे छायाचित्र घेतले. पण मोजणीला टेकू देणारा पहिला नकाशा १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडेन यांनी केला. इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे थोरले भाऊ. त्या नकाशापासून १९९६ पर्यंत, ६१ वर्षांत मुख १,१४७ मीटर मागे गेले. सरासरी वर्षाला सुमारे १९ मीटर. अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची १९६० च्या दशकातली छायाचित्रे पुढे खुली झाली. त्यांतील १९६५ च्या चित्रापासून २००६ पर्यंतची मोजणी ८१९ मीटर आली, तीही १४ मीटर इकडे-तिकडे या कबुलीसह. वर्षाला २० मीटर. दोन स्वतंत्र रीतींनी इतके जवळचे आकडे यावेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

दोन-तीन वर्षांचे आकडे मात्र उड्या मारतात. मुखाशी गुहा असते, तिचे छत एखाद्या उन्हाळ्यात कोसळते आणि टोक एकदम मागे सरकल्यासारखे दिसते. नंतर काही वर्षे फारसे काही घडत नाही. मुखाची रेषा सरळही नसते. मध्यावर मोजले तर एक उत्तर आणि कडेला मोजले तर दुसरे. शिवाय केवळ मुखाकडे पाहिले की बाकीचे निसटते. रक्तवर्ण आणि चतुरंगी ही बामके पूर्वी मुख्य हिमनदीला येऊन मिळत असत. आज ती तिच्यापासून तुटली आहेत आणि गोमुखाच्या कुठल्याही आकड्यात ही गोष्ट येत नाही.

प्रश्न : सह्याद्रीत कधी हिमनदी होती का? हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तसाच कोरलेला वाटतो. (ठाणे)

उत्तर : नव्हती. सह्याद्री त्यासाठी फार बुटका आणि फार उबदार आहे. कोकणकड्याची अर्धगोल खोबण हे बेसाल्टच्या झिजेचे आणि कोसळण्याचे काम आहे. महाराष्ट्रात बर्फाच्या खुणा पाहायच्याच असतील, तर चंद्रपूर जिल्ह्यात जावे. इरई गावाजवळ, पेनगंगा जेथे वर्धेला मिळते त्या भागात, चुनखडकाच्या घासलेल्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत आणि फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ मध्ये त्यांची नोंद केली आहे. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या, भारत दक्षिण ध्रुवाजवळ असतानाच्या बर्फाचे आहेत. ओरखड्यांवरून बर्फ कोणत्या रेषेत सरकला, ते कळते; त्या रेषेत तो इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, हे ठरवायला शेजारच्या कातळाचे उंचवटे पाहावे लागतात. ज्या बाजूने बर्फ आला ती बाजू घासून गुळगुळीत झालेली असते आणि मागची बाजू उपटल्यासारखी तुटलेली असते.